डिमेन्शिया टाळायचा तर बदामाआधी कान तपासा

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळायला बदाम भिजवून खा, सुडोकू सोडवा, हे सगळेच सांगतात. खा न बदाम, काही वाईट नाही, पण खरा धोका कमी करायचा असेल तर आधी कान, बीपी अन कोलेस्टेरॉल पाहा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकाच्या डिमेन्शियावरच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आपल्याला आटोक्यात ठेवता येतील असे १४ धोके दिले आहेत, ते सगळे सांभाळले तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा हिशोब. गॅरंटी कोणाचीच नाही, वय काही आपल्या हातात नसते.

कानाचं लोक लय हलक्यात घेतात. टीव्हीचा आवाज वाढत चालला, लग्नात मोठे बाबा नुसतेच "हो हो" करून राहिले, जेवणाचं विचारलं अन उत्तर गावाचं आलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून उठून जाते, एकटा पडते, अन एकटेपणा पण त्या १४ मधलाच. ईएनटीकडे जा, आधी मळ आहे का ते पाहतील, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येते त्याची तपासणी. कानाचं मशीन लावलं की सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा आवाजही अंगावर येते, तेव्हाच लोक ते डबीत टाकून देतात. तसं नका करू, परत जाऊन सेटिंग करून घ्या. डोळ्यांचंही तेच, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका.

बीपी चाळिशीपासूनच वरचा आकडा १३० च्या आसपास किंवा खाली ठेवायचा, डॉक्टरला विचारून. बरं वाटून राहिलं म्हणून गोळी बंद करायची नाही. सोबत शुगर अन एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पण आटोक्यात.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. मे महिन्यात ऊन चढायच्या आत नागपुरात अंबाझरी नाहीतर सेमिनरी हिल्स, अन कोणी गप्पिष्ट सोबतीला असेल तर उत्तमच. (परत येताना रोज तर्री पोहा मात्र नाही.)

सिगारेट बंद. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) "जराकसाच" म्हणणाऱ्यांनो, निकोटीन त्यातही आहे अन त्यानं बीपी वाढते. हेल्मेट हँडलला लटकवून रिंगरोडवर फिरू नका, डोक्याला मार लागणं पण यादीत आहे.

अन घरचं कोणी ओळखीच्याच रस्त्यावर चुकायला लागलं, पैशाचा हिशोब जमेनासा झाला, तर डॉक्टरला बी१२ अन थायरॉइडच्या टेस्टबद्दल नक्की विचारा. डिप्रेशनमुळेही विसरायला होते, अन या तिन्हींवर इलाज आहे.