हरलेल्या हंगामाची वही कशी वाचायची

मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि रविवारी गंगापूर रोडजवळच्या मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची स्कोअरर असते. संघाचं यंदा पहिलंच वर्ष. किती सामने जिंकलो ते विचारू नका. हंगाम संपल्यावर आमच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, पालकांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, "ताई, सगळे रन आमच्या पोरीवरच पडलेत. तिला बदला ना." चूक माझी होती. मी फक्त रन मोजले होते, ते कुणाच्या नावे पडतात हे लिहिलंच नव्हतं.

नव्याने स्कोअरिंग शिकत असाल तर आपली वही उघडण्याआधी दुसऱ्याच्या वहीवर हात बसवा. आपल्या मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर असले की पेन्सिल अडखळते. सरावासाठी मी १८८३ चा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा बेसबॉल संघ घेते. आजचा फिलीज तो हाच, तेव्हा त्याला क्वेकर्स म्हणत. आदल्या वर्षापर्यंत नॅशनल लीग या तिथल्या मोठ्या स्पर्धेत वूस्टरचा संघ होता, त्याची जागा यांना मिळाली. पहिल्या हंगामात ९९ सामने, १७ विजय, ८१ पराभव, एक बरोबरीत. आठ संघांत आठवे. सातव्या नंबरच्या डेट्रॉइटनेसुद्धा ४० सामने जिंकले होते.

आता त्या जिंकले-हरले रकान्यावर फूटपट्टी ठेवा आणि तो झाका. त्यातून फक्त वाईट वाटतं, कळत काही नाही.

केलेले आणि दिलेले रन घ्या: ४३७ आणि ८८७. सामन्यांच्या संख्येने भागा. दर सामन्याला साधारण साडेचार केले, नऊ दिले. मग सर्वांत मोठा पराभव बाजूला काढून तोच भागाकार पुन्हा करा, कारण एखादा भयंकर दिवस अख्ख्या हंगामाला काळं फासतो. २१ ऑगस्टला प्रॉव्हिडन्सने यांना २८-० असं हरवलं होतं. तो सामना वगळला तरी दिलेल्या रनांची सरासरी पावणेनऊच्या आसपासच राहते. म्हणजे दुखणं त्या एका दिवसाचं नव्हतं, रोजचं होतं. गंमत म्हणजे १ मे रोजी पहिला सामना याच प्रॉव्हिडन्सशी झाला होता आणि तो ४-३ असा एका रनाने गेला होता.

यानंतर पिचरचं पान. इथे घाई करू नका. जॉन कोलमन हा वीस वर्षांचा पोरगा, पहिलाच हंगाम, आणि संघाने त्याला ६५ सामन्यांत उतरवलं. ५३८ इनिंग (तीन आउट झाले की एक संपते) टाकल्या, ७७२ हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, खाल्ले, ४८ सामने हरला. एका हंगामात इतके पराभव मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या पातळीवर, दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. बहुतेक लोक इथेच वही मिटतात. पण १७ विजयांतले १२ कुणाचे? त्याचेच. उरलेल्या पिचरांचा हिशेब वजाबाकीने काढा: ५ विजय, ३३ पराभव. ज्याला वाईट म्हणून बोट दाखवतात, तोच बाकीच्यांच्या एकत्र हिशेबापेक्षा बरा होता.

अजून एक वजाबाकी करा. कोलमनच्या गोलंदाजीवर (पिचिंग म्हणा, पण माझ्या तोंडात क्रिकेटच बसलंय) ५१० रन झाले. त्यातले अर्न्ड, म्हणजे खरोखर पिचरच्या नावे पडणारे, २९१. हा हिशेब नॅशनल लीगने अधिकृतपणे १९१२ पासून ठेवला, जुन्या वर्षांचा नंतर अभ्यासकांनी मांडला. उरले २१९. ते क्षेत्ररक्षणाच्या खात्यात. आमच्या ऑफिसात एका माणसाच्या नावे दुसऱ्याचा एवढा खर्च टाकला तर ऑडिटर ओरडेल. हेही धरा, की बरेच खेळाडू तेव्हा उघड्या हातांनी चेंडू अडवत.

अर्न्ड कसा ठरवायचा, ते आमच्याच एका इनिंगवरून सांगते. दोन आउट झालेले. साधा जमिनीलगतचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षक मुलीकडे, आला आणि तिच्या पायांमधून गेला. शीटवर ई-६ लिहा: ई म्हणजे एरर, सहा हा शॉर्टस्टॉपचा आकडा. पकडून पहिल्या बेसला टाकला असता तर ६-३ (तीन हा पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा आकडा) होऊन इनिंग संपली असती. संपली नाही. पुढे तीन हिट बसले, पाच रन झाले. मी तेव्हा पाचही पिचरच्या नावे टाकले. बरोबर उत्तर शून्य. तिसरा आउट हातात आलेला सोडला, की त्या इनिंगमधला त्यानंतरचा एकही रन पिचरवर धरायचा नाही. असे रन शीटवर वेगळ्या खुणेने दाखवा. मी त्यांच्याभोवती गोल करते. आणि पेन्सिलच वापरा.

मैदानाबाहेरच्या नोंदी शेवटच्या पानावर दोन ओळींत पुरतात. फर्ग्युसन हा पहिला मॅनेजर १७ सामन्यांनंतर त्या पदावरून गेला, ४ जिंकून १३ हरून. पुढे पर्सेल या खेळाडूनेच संघ चालवला, त्यानेही फरक पडला नाही. त्याच गावातला ॲथलेटिक संघ त्याच वर्षी दुसऱ्या लीगचा विजेता झाला, त्यामुळे यांना तिकीट ५० सेंटांवरून २५ वर आणावं लागलं. १८८४ ला हॅरी राइट मॅनेजर म्हणून आले आणि ३९ विजय झाले. कोलमन पुढे बहुतेक आउटफिल्डर, म्हणजे लांबचा क्षेत्ररक्षक, म्हणूनच खेळला.

एवढा सराव झाल्यावर मी आमच्या सगळ्या शीट पुन्हा लिहून काढल्या, दोन शनिवार गेले. पिचरच्या पानावर दोन रकाने केले, एकूण आणि तिचे. पोरीने बोट ठेवून गोल मोजले, परत मोजले, मग मोबाइलवर फोटो काढला. शॉर्टस्टॉपला ते पान मी अजून दाखवलेलं नाही.