गाडीला बाहेरचं काम केलंय? वॉरंटी वाढवण्याआधी हे करा

शोरूममध्ये दोन कागद एकत्र पुढे सरकवले जातात आणि आपण दोन्हींवर सही करून मोकळे होतो. सर्व्हिस प्लॅन म्हणजे ठरलेल्या सर्व्हिसिंगचे आगाऊ भरलेले पैसे: इंजिन ऑइल, फिल्टर, मजुरी. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावर एखादा भाग आपसूक निकामी झाला तर त्याची दुरुस्ती. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे झिजणारे भाग वॉरंटीत धरत नाहीत. प्लॅनमध्ये आहेत का ते विचारून घ्या. काम केलेल्या, म्हणजे बाहेरून वस्तू बसवलेल्या किंवा बदल केलेल्या गाडीचं भांडण होतं ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या कागदावरून.

त्या कागदात बदलांविषयीचं कलम शोधा. ते तीनपैकी एका तऱ्हेचं असतं. ‘बदलामुळे झालेला बिघाड भरून मिळणार नाही’ असं असेल तर ठीक, कारण निदान बदल आणि बिघाड यांचा संबंध तरी लावावा लागतो. ‘कंपनीची लेखी मंजुरी नसल्यास’ असं असेल तर मंजुरी मागता येते. ‘गाडीत कोणताही बदल केल्यास वॉरंटी रद्द’ असं असेल आणि गाडीला आधीच काम झालेलं असेल, तर पैसे भरू नका.

पैसे भरण्याआधी एक ईमेल करा. चॅसी क्रमांक, बसवलेल्या वस्तूंची यादी, कुणी बसवल्या, बिल क्रमांक आणि शेवटी एकच प्रश्न: यामुळे कोणकोणत्या भागांची वॉरंटी मिळणार नाही ते लेखी कळवा. सेल्समनचं तोंडी ‘काही होत नाही सर’ दोन वर्षांनी कामाला येत नाही, आणि तोवर तो सेल्समनही तिथे असेलच असं नाही.

आता कामांकडे. सगळ्यात जास्त क्लेम अडतात ते वायरिंगवर. चोर्ला किंवा आंबोली घाटातल्या धुक्यासाठी म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकले जातात. एच-४ हेडलाइटला मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर. १०० वॅटला ८ च्या वर जातात. वायर आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी बनवलेले नसतात. होल्डर काढून पाहा: प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालेलं असतं आणि पिनेजवळ काळा डाग दिसतो. हा बल्ब कायद्यातही बसत नाही. त्यापेक्षा ६०/५५ चाच चांगला बल्ब ठेवा आणि कपलरने (वायर न कापता जोडणाऱ्या सॉकेटने) बसणारा रिले हार्नेस, म्हणजे दिव्याला थेट बॅटरीवरून करंट देणारा वायरिंग संच लावा. बॅटरीवरून वेगळी लाइन, बॅटरीजवळ फ्यूज, मूळ वायरला कट नाही. हॉर्न, कॅमेरा, म्युझिक सिस्टिम यांनाही हाच नियम. वायर सोलून टेप गुंडाळलेला एक जोड दिसला, की बॉडी कंट्रोल मॉड्यूलपासून (दिवे, काचा, लॉक सांभाळणारा कॉम्प्युटर) पॉवर विंडोपर्यंतचा प्रत्येक बिघाड त्या जोडाच्या माथी मारायला वर्कशॉप मोकळं होतं. खानापूरच्या पावसात तो जोड खरोखरच हिरवा पडतो, त्यामुळे त्यांचंही नेहमीच चूक असतं असं नाही.

गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगखाली स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) टाकले, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन वाढतो. अॅक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस धरून ठेवणारं आवरण) ताणला जाऊन घडीत चिरतो, ग्रीस बाहेर उडतं आणि लाल चिखल आत जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारा. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट लगेच बदला. पूर्ण वळणावर ‘टक-टक’ ऐकू यायला लागली की जॉइंटच गेला, आणि स्पेसर असताना तो क्लेम मिळत नाही.

टायर बदलताना एकूण व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिमी. त्याजागी १८५/६५ आर १५ घेतला तर ६२२, म्हणजे फरक नाही. १९५/६५ आर १५ घेतला तर ६३५ च्या जवळ, आणि मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२ ने पळत असते. अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या रिम) जास्त बाहेर येणारे असतील तर व्हील बेअरिंगवर भार वाढतो. मूळ चाकं विकू नका. बेअरिंगचा आवाज आला तर ती लावून वर्कशॉपला दाखवता येतं की आवाज अलॉयचा नाही.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचा विषय निराळा. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह सीटला उष्णता जास्त लागते, ठिणगीलाही जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून प्लग लवकर बदलावे लागतात आणि झिजलेल्या प्लगचा ताण कॉइलवर येतो. कंपनीकडून इंजिन वॉरंटी चालू राहील असं लेखी मिळत नसेल, तर आमच्या मते अशा गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ नये. ते पैसे प्लग, फिल्टर आणि ट्यूनिंगला ठेवावेत. किट त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवं, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद हवी, विम्यात किटची किंमत चढवलेली हवी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी.

रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेल्या गाडीबद्दल थोडक्यात: सर्व्हिसिंगआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी अनेक कंट्रोल युनिटमध्ये पुन्हा लिहिल्याची खूण राहते. इंजिन, टर्बो, गिअरबॉक्सची वॉरंटी हवी असेल तर रिमॅप करायला तिची मुदत संपेपर्यंत थांबा.

सीमाभागातल्या गाड्यांचा घोळ बहुतेक कागदांचा असतो. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ची गाडी कोल्हापुरात नेऊन किट बसवलं, तरी आरसीवरची नोंद आपल्याच आरटीओत करायची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जुनी एमएच-०९ (कोल्हापूर) गाडी घेऊन बेळगाव किंवा निपाणीत कायम ठेवणार असाल, तर १२ महिन्यांत कर्नाटकातला नंबर घ्यावा लागतो. मग वॉरंटीच्या कागदावर नवा नंबर आणि नवा मालक दोन्ही चढवून घ्या. कंपनीची वॉरंटी चॅसी क्रमांकाला चिकटलेली असते. पण प्रमाणपत्र कंपनीचं आहे की डीलरच्या स्वतःच्या स्कीमचं, ते खालच्या शिक्क्यावर बघा. डीलरची स्कीम असेल तर क्लेमसाठी बेळगावहून ११० किलोमीटरवरच्या कोल्हापुरालाच जावं लागण्याची शक्यता असते.

गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागे गाडी चालवणाऱ्यांनी एअर फिल्टर १०,००० किलोमीटरची वाट न बघता ५,००० ला उघडून बघावा. प्लॅनमध्ये ही जादा तपासणी धरलेली नसते. पैसे द्या, पण जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) नोंद करून घ्या.

क्लेम नाकारलाच तर ‘लेखी द्या’ म्हणा: कोणता भाग, कोणतं कलम, कोणत्या बदलामुळे बिघाड झाला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे जायचं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. म्हणजे गाडी कोल्हापूरची असली तरी निपाणीकराला बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येतं. मुदत २ वर्षांची. दुरुस्तीचे पैसे भरून गाडी सोडवावी लागली, तर पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून सही करा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. ग्रीसने माखलेला असला तरी पोत्यात घालून घरी आणा, पुसू नका.