सासूबाई आणि मुलांना घेऊन मलाक्का

मलेशियातलं मलाक्का एका दिवसात उरकू नका. क्वालालंपूरहून सकाळच्या बसने येणारे लाल चौकात फोटो काढतात, भर दुपारी उन्हात फिरतात आणि थकून परततात. आम्ही पाच जण दोन रात्री राहिलो. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, धाकटी नऊ वर्षांची.

क्वालालंपूरच्या टीबीएस बसस्थानकावरून मलाक्का सेंट्रल हे इथलं बसस्थानक साधारण दोन तास. जुनं शहर तिथून लांब आहे, बॅगा असतील तर ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर मोठी गाडी बोलवा. खोली जोंकर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत घ्या. ऐन रस्त्यावर नको, शुक्रवार ते रविवार तिथे रात्री बाजार भरतो. आणि तळमजलाच मागा. जुन्या घरांचे जिने उभे नि अरुंद असतात. आम्ही आधी विचारलं नव्हतं, सासूबाईंना हाताला धरून वर न्यावं लागलं.

सेंट पॉल टेकडी सकाळी आठच्या आत चढायला घ्या. पहिल्या दिवशी आम्ही अकराला निघालो आणि अर्ध्या वाटेत सासूबाईंना गरगरायला लागलं, मुकाट्याने उतरलो. दुसऱ्या दिवशी साडेसातला, दहा पायऱ्या चढायच्या की जरा टेकायचं, असं करत आरामात पोचलो.

पायथ्याशी पोर्टा दे सांतियागो आहे, पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला दरवाजा. मुलांना गोष्ट इथूनच सांगायला घ्या. १५१० साली गोवा घेणारा आल्बुकेर्क पुढच्याच वर्षी गोव्याहून आरमार घेऊन इथे आला आणि मलाक्का घेतलं. १६४१मध्ये डच आले. मग इंग्रज, किल्ला पाडला तो त्यांनी. मुलांना कमानीवर १६७० हा आकडा शोधायला लावा. तो डचांनी कोरलाय, त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चिन्हासकट.

वर छप्पर उडालेलं चर्च आहे. माणसापेक्षा उंच डच थडग्यांचे दगड भिंतींना टेकवून ठेवलेत. आत जाळीखाली एक रिकामी जागा आहे. १५५३मध्ये संत फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्याला नेण्याआधी काही महिने इथे होतं. जुन्या गोव्यात बाँ जेझू चर्चमध्ये मुलांनी त्यांना पाहिलं होतं, त्यामुळे दोघंही एकदम गप्प होऊन वाकून बघत राहिली. बाहेरच्या पुतळ्याला उजवा हात नाही, हे धाकटीनेच दाखवलं.

दहाला खाली या. दुपारभर खोलीत पडा, चारनंतर बाहेर.

जेवणात सासूबाई शाकाहारी. इथे साध्या पालेभाजीतही बलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीचा गोळा घालतात. म्हणून ऑर्डर देतानाच ‘ताक माहू बलाचान’ म्हणा, नको असा अर्थ. चेंडोल मात्र सगळ्यांनी खावं: बर्फ, नारळाचं दूध, तांदळाच्या हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाका. पहिल्या चमच्यालाच सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आमचा माडाचा गूळ!” बेकरीत अननसाचे टार्ट मिळतात. मलयमध्ये अननसाला ‘नानास’ म्हणतात. त्यांनाही आपल्यालाही तो शब्द पोर्तुगीजांकडूनच मिळाला. भाषेला ‘बहासा’, सिंहाला ‘सिंगा’. मुलं दोन दिवस पाट्या वाचत असे शब्द जमवत होती. वही न्या.

संध्याकाळी हार्मनी स्ट्रीटवर हळूहळू चाला. एकाच रस्त्याला चिनी देऊळ, कंपुंग क्लिंग मशीद आणि विनायकाचं देऊळ. देऊळ १७८१चं, मलाक्काच्या चेट्टी समाजाचं. हे लोक पिढ्यान् पिढ्या घरात मलय बोलतात नि शंकराला, गणपतीला भजतात. देवळाला जमीन डच राजवटीत मिळाली. सासूबाईंचं कुलदैवत मंगेश. पोर्तुगीजांच्या भीतीने तो १५६०मध्ये गोव्यातल्या कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला हलवावा लागला. गणपतीसमोर हात जोडून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “इथे देवाला पळावं लागलं नाही गं.” या देवळासाठी निदान अर्धा तास मोकळा ठेवा.

परतताना गुला मलाकाच्या दोन वड्या घ्या. दमट असतो, पाणी सुटतं. कागदात आणि वर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून चेक-इन बॅगेत टाका. आम्ही नागपंचमीला त्याच्याच पातोळ्या केल्या.