स्टँडवर रॅम्प हवाय? आधी टेप घेऊन जा

"दिव्यांगांसाठी सर्व सोयी कराव्यात" एवढ्या एका ओळीचं निवेदन दिलं की साहेब ते घेतात, शिक्का मारतात आणि कागद फायलीला लागतो. त्यांचं सगळंच चुकतं असं मला वाटत नाही. कोणती पायरी, किती इंच, कोणाच्या जागेत, हे त्या ओळीत नसतं. मग इंजिनिअरनं अंदाजपत्रक कशाचं करायचं?

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या), काखेत कुबडी. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, जाणं-येणं एसटीनं आणि अलीकडे साइड व्हील लावलेल्या स्कूटीनं. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर रॅम्प, पार्किंगचा पट्टा आणि उघडा राहणारा संडास या तीन गोष्टी आम्ही काही जणांनी मिळून पदरात पाडून घेतल्या. हाच मार्ग तुमच्या गावालाही लागू पडेल, म्हणून तपशिलात सांगते.

घरापासून सीटपर्यंत

सुरुवात ऑफिसातून करू नका, स्वतःच्या उंबऱ्यापासून करा. ऑटोतून उतरण्याची जागा, स्टँडचं गेट, नाली, फलाटाची पायरी, चौकशीची खिडकी, संडास, गाडीची पहिली पायरी, सीट. यातलं एक ठिकाण अडलं तरी बाकी सगळं वाया जातं. सोबत चाकाची खुर्ची वापरणारं एक माणूस घ्या, पांढरी काठी वापरणारं एक घ्या, कमी ऐकू येणारं एक आणि गुडघे धरलेली एखादी आजी. माझ्या कुबडीला जे अडत नाही ते खुर्चीला अडतं, आणि आम्हा दोघांना जे दिसतं ते काठीवाल्याला दिसत नाही.

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी जा, एकदा पाऊस पडून गेल्यावर, एकदा अंधार पडल्यावर. सकाळी अकराच्या शांत वेळेतला स्टँड बघून काही कळत नाही. आम्ही फलाटाला टेप लावून बसलो तर चहाच्या टपरीवाले मामा जवळ आले. "मॅडम, काय मोजायलात?" सांगितल्यावर म्हणाले, "मग तिकडून रॅम्प नका मागू. पावसात गुडघाभर पाणी थांबतंय तिथं." ते बोलले नसते तर रॅम्प नेमका डबक्यात उतरला असता. टपरीवाले, हमाल, झाडणाऱ्या बायका यांना विचाराच.

काय मोजायचं

रॅम्पचा उतार एकास बारा असावा, हे राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. लक्षात ठेवायला सोपं: चढ जितके इंच, लांबी तितके फूट. फलाट अठरा इंच उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. जागा नाही म्हणून पाच फुटांत काढलेला रॅम्प खुर्चीवाल्याला मागे लोटतो आणि कुबडीवाल्याला पुढे पाडतो. तसा रॅम्प नसलेलाच बरा. सलग चढ 9 मीटरपेक्षा लांब नको, मध्ये सपाट टप्पा हवा. वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी, पाच फुटांची सपाट जागा लागते.

झालेला रॅम्प तपासायचा असेल तर गवंड्याकडून दोन फुटांची पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, मागून घ्या. ती उताराच्या दिशेनं ठेवा, खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला. उचललेल्या टोकाखालची फट दोन इंचांपेक्षा जास्त असेल तर उतार जास्त आहे. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी हे करा, नंतर कोणी परत येत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर ब्लॉक एका वर्षात वरखाली होतात, आणि रॅम्प खचून फलाट नि रॅम्पच्या मध्ये चार बोटं फट पडते. त्या फटीत कुबडीचं टोक अडकतं. म्हणून अर्जातच लिहा: काळी माती काढून मुरूम भरावा, तो दाबून घ्यावा, वर काँक्रीट करावं आणि ओलं असतानाच झाडूनं आडव्या रेषा ओढाव्यात. गुळगुळीत फरशी पावसात घसरते. कठडा दोन्ही बाजूंनी हवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात स्टीलचा पाइप धरवत नाही, तेव्हा वर पत्र्याची सावली मागा, निदान पाइपावर प्लास्टिकचं आवरण तरी.

नालीवरची जाळीही बघा. गज चालण्याच्या दिशेनं असतील तर खुर्चीची पुढची लहान चाकं त्यात जातात. गज आडवे हवेत, फट अर्ध्या इंचाच्या आसपास.

संडासाचं दार तीन फूट रुंद, बाहेर उघडणारं, आत खुर्ची फिरायला पाच फूट, कमोडच्या बाजूला धरायला दांडी. पण खरी अडचण बहुतेक ठिकाणी कुलपाची असते. दिव्यांगांचा संडास बांधून तयार असतो, आत झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. बायकांसाठी तर हा प्रवास करायचा की नाही इथपर्यंतचा प्रश्न आहे. मी स्वतः कित्येक वर्षं गाडीत बसायच्या आधी पाणी पीत नसे. आम्ही मागणी अगदी लहान ठेवली: कुलूप काढा, आतून कडी बसवा, आणि कुलूप लावायचंच असेल तर किल्ली वाहतूक नियंत्रकांच्या खोलीत असल्याचं दारावर मोठ्या अक्षरात लिहा. याला निधी लागत नाही.

पार्किंग

चारचाकीसाठी राखीव जागा 3.6 मीटर, म्हणजे साधारण बारा फूट रुंद हवी आणि दारापासून 30 मीटरच्या आत. गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता आली पाहिजे, म्हणून एवढी रुंदी. पण आपल्या तालुक्यांच्या गावी दिव्यांग माणूस कारनं कमी आणि साइड व्हीलच्या स्कूटीनं जास्त येतो. ही गाडी जवळपास चार फूट रुंद असते, शिवाय उतरायला एका बाजूनं तीन फूट लागतात. शेजारच्यानं मोटारसायकल चिकटून लावली की आपण अडकलो. तेव्हा स्कूटीसाठी सात फुटांचे पट्टे वेगळे मागा. जमीन सपाट हवी, उतारावर नको.

फक्त जमिनीवर रंगवलेलं चिन्ह पुरत नाही. धुळीनं झाकतं, वर गाडी लागली की दिसतच नाही. खांबावर पाटी हवी. पार्किंग ठेक्यावर असेल तर ठेका नव्यानं निघण्याआधी अर्ज द्या, म्हणजे राखीव जागा मोकळी ठेवण्याची अट करारनाम्यातच जाते. मधेच सांगितलं तर ठेकेदार म्हणतो, "मला असं काही सांगितलं नव्हतं", आणि ते खरंही असतं. रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लागू नयेत म्हणून खांब रोवायचा विचार कराल, पण जिथून खुर्ची जाते तिथून मोटारसायकलही जाते. तिथं जवळच्या दुकानदाराची नजर कामाला येते. आमच्याकडे ते काम टपरीवाले मामा आपणहून करतात.

जागा कुणाची, अर्ज त्यालाच

हे न कळल्यामुळे वर्षं जातात. स्टँडच्या आवारातलं सगळं आगार व्यवस्थापकांकडे, त्याची प्रत विभाग नियंत्रकांना. गेटबाहेरची नाली आणि रस्ता नगर परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ते आधी विचारून घ्या. रस्त्यावरच्या पार्किंगची जागा नगर परिषद ठरवते, ती मोकळी ठेवणं वाहतूक पोलिसांचं काम. छत्रपती संभाजीनगरात 'माझी स्मार्ट बस' 2019 पासून धावते, तिचा अर्ज आगारात देऊन उपयोग नाही, तो स्मार्ट सिटीच्या बस विभागात द्या. रेल्वेचं परभणी, जालना, पूर्णा नांदेड विभागात येतं, आणि लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात.

एका अर्जात एकच काम. आमचा रॅम्पचा अर्ज असा होता:

"विषय: फलाट क्र. 3 वर रॅम्प बांधण्याबाबत. महोदय, सदर फलाटाची उंची 18 इंच असून चढण्यास रॅम्प नाही. मी पोलिओमुळे दिव्यांग असून मला तेथून गाडी पकडता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 नुसार बसस्थानकावर ही सोय करणे आवश्यक आहे. चौकशी खिडकीच्या डाव्या बाजूस 23 फूट मोकळी जागा आहे. तेथे एकास बारा उताराचा, दोन्ही बाजूंस कठडा असलेला रॅम्प करावा. टेप लावून काढलेले फोटो जोडले आहेत. केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

पोच घ्या, आवक क्रमांक (ऑफिसच्या रजिस्टरात आपला अर्ज नोंदला तो नंबर) लिहून घ्या. तो क्रमांक नसेल तर पुढचा एकही मार्ग उघडत नाही.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट बघून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. विचारायचं एवढंच: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती, आणि तो सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे. उत्तराची मुदत 30 दिवस. पुष्कळदा या अर्जानंतरच मूळ कागद हलतो.

एसटीनं 2024 पासून 'प्रवासी राजा दिन' सुरू केला आहे. विभाग नियंत्रक आगारात येऊन प्रवाशांचं ऐकून घेतात. तुमच्या आगाराची तारीख विचारून ठेवा आणि खुर्ची, कुबडी, काठीसकट जा. साहेबांना फलाटापर्यंत चालत न्या. कागदावरच्या अठरा इंचांपेक्षा डोळ्यांसमोरचे अठरा इंच लवकर पटतात.

लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्यासाठी लोकशाही दिनही आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथं तक्रार वैयक्तिक असावी लागते, संघटनेच्या लेटरहेडवर चालत नाही. "आम्हा दिव्यांगांना" असं लिहू नका, "मला चढता येत नाही" असं लिहा, आणि प्रत्येकानं आपापला अर्ज द्या.

याही पुढे पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. तक्रार पोस्टानं पाठवता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. "नियम फक्त मार्गदर्शक आहेत, सक्तीचे नाहीत" असं कुणी म्हणालं तर 8 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रातुरी प्रकरणातला निकाल जोडा. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं न्यायालयानं केंद्राला सांगितलं आहे.

"पैसे नाहीत" हेही ऐकावं लागेल. नगर परिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला ते विचारा. गावातल्या बसथांब्याच्या ओट्याला, गेटबाहेरच्या नालीला यातून मागणी करता येते. नव्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक बसायच्या आधी, हिवाळ्यातच अर्ज द्या.

गाडी आणि गाडीवरची माणसं

साध्या बसचा तळ जमिनीपासून 90 सेंटीमीटरच्या आसपास असतो, लो फ्लोअर बसचा 40. नवी लो फ्लोअर गाडी आपल्या तालुक्याला कधी येईल ती येवो, तोवर आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडून सात इंच उंचीचा, खाली रबर लावलेला लोखंडी पाट करून घेतला. तो नियंत्रकांच्या खोलीत असतो. मागितला की हमाल पहिल्या पायरीखाली लावून देतात. गरोदर बायका आणि म्हातारी माणसंच तो जास्त वापरतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार 1 मार्च 2020 पासून नव्या बसमध्ये राखीव सीटवर चिन्ह, कुबडी-काठी ठेवायची सोय, धरायला दांड्या आणि चाकाच्या खुर्चीची व्यवस्था असायला हवी. गाडीच्या फिटनेस तपासणीत ते बघायचं असतं. तुमच्या मार्गावरच्या नव्या गाडीत नसेल तर गाडी क्रमांकासह आरटीओला लिहा.

चालक-वाहकांशी मात्र अर्जानं बोलू नका, समोर बसून बोला. आम्ही आगार व्यवस्थापकांकडून ड्यूटी बदलायच्या वेळी थोडा वेळ मागून घेतला. तीनच गोष्टी मागितल्या: गाडी फलाटाला चिकटवून लावा, दिव्यांग माणूस बसल्याशिवाय घंटी मारू नका, आणि अंध प्रवासी दिसला की न विचारता हात धरून ओढू नका, गाडी कुठली ते सांगा आणि आपला कोपर धरायला द्या. एक वाहकदादा म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत मला कधी त्रास झाला नाही. फलाट बदलला तर स्पीकरवर दोनदा सांगणं आणि फळ्यावर लिहिणं, हेही तेव्हाच ठरलं.

तिकिटात 75 टक्के सवलत आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा. रेल्वेचं सवलत कार्ड वेगळं असतं, ते ऑनलाइन काढता येतं. दिव्यांगांचा डबा सहसा गाडीच्या टोकाला लागतो आणि लहान स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, म्हणून तो कुठे येणार हे 139 वर किंवा स्टेशन मास्तरांना आधीच विचारून तिथं जाऊन थांबा.

काम झाल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, पुन्हा टेप आणि पाणसळ घेऊन फेरी मारा. फट पडली असेल, कठडा हलत असेल, पाटी वाकली असेल तर नवा अर्ज द्या आणि त्यात जुना आवक क्रमांक टाका. पहिल्या फेरीतल्या सगळ्यांना सोबत न्या. कुणी गाव सोडून गेलं असेल तर त्यांच्या जागी तशीच अडचण असलेलं माणूस शोधा.