स्टिक सोबत न्या : उट्रेख्तमधलं एक सेमिस्टर आणि तिथली हॉकी

परदेशात एका सेमिस्टरसाठी जायचं ठरलं की पुण्यातल्या घरात पहिली चर्चा होते ती बॅगेच्या वजनाची. भाजणी किती, मेतकूट किती, कुकर न्यायचा की नाही, जाड रजई लागेल का. या यादीत हॉकी स्टिकचा नंबर शेवटी लागतो आणि बऱ्याचदा ती माळ्यावरच राहते. जी मुलं-मुली कॉलेजच्या टीममधून खेळतात आणि आता युरोपात निघाली आहेत, त्यांना मी उलटं सांगते, कारण नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात एक सेमिस्टर शिकताना मी तिथल्या क्लबकडून हॉकी खेळले. आधी स्टिक ठेवा, मग बाकीचं काय बसतंय ते बघा.

स्टिक साधारण तीन फुटांहून थोडी लांब असते, म्हणजे मोठ्या सुटकेसमध्येही सरळ मावत नाही. वेगळी स्टिक बॅग घ्या आणि ती चेक-इन करा, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. खेळाच्या सामानाचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे निराळे असतात, ते तिकीट काढतानाच वाचा. शिनगार्ड (नडगीसाठी) आणि माऊथगार्डही (दातांसाठी) घ्या, कारण नेदरलँड्समध्ये क्लबच्या मॅचला दोन्ही सक्तीचे आहेत. आपल्याकडे माऊथगार्ड घालणारी मुलगी क्वचित दिसते. तो घालून बोलायची आणि धावायची सवय इथूनच करून जा.

मी खडकीची. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले आमच्या खडकीचेच, त्यामुळे आमच्या भागात हॉकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेत मातीच्या मैदानावर सुरुवात केली, पुढे पिंपरीत नेहरूनगरच्या ध्यानचंद स्टेडियमवर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, पायाखाली आलं. विद्यापीठाच्या निवडीपर्यंत पोचले, त्यापुढे नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझा अनुभव साध्या कॉलेज खेळाडूचा आहे आणि तो तशाच मुलींच्या जास्त उपयोगाचा आहे.

आपल्याकडे सिलेक्शन झालं नाही की विशीत खेळ सुटतो. मैदान मोकळं नसतं, टीम नसते, आणि घरचे म्हणतात आता अभ्यासाकडे बघ. नेदरलँड्सची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या थोडी वर, आणि हॉकी संघटनेचे सदस्य अडीच लाखांच्या आसपास, त्यातही मुली-बायका निम्म्याहून जास्त. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदकं त्यांनीच नेली. पण मला पदकांपेक्षा मोठी वाटली ती क्लबची दहाव्या क्रमांकाची टीम. हो, एकाच क्लबच्या पहिल्या टीमपासून खाली तेवढ्या टीम असतात. चाळिशीतल्या, दोन मुलांच्या आया, दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी सरावाला येतात आणि रविवारी रीतसर लीगची मॅच खेळतात. पंच असतात, गुणतक्ता असतो. त्यांच्याकडे बघताना माझ्या शाळेच्या टीममधल्या मुली आठवत राहिल्या. त्यातल्या काही माझ्याहून कितीतरी चांगल्या खेळायच्या आणि आज कुणाच्याच हातात स्टिक नाही.

आता कामाचं बोलू. तिथला मोसम सप्टेंबरला सुरू होतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मैदानी लीग थांबते आणि मग उन्हाळ्यापर्यंत दुसरा टप्पा असतो. ऑगस्ट ते जानेवारी जाणाऱ्यांना पहिला टप्पा मिळतो, फेब्रुवारीत जाणाऱ्यांना दुसरा. टीम मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरलेल्या असतात आणि चांगल्या क्लबांना प्रतीक्षा यादी असते. म्हणून विद्यापीठाचं पत्र हातात पडल्याबरोबर, मे-जूनमध्येच क्लबला ईमेल करा. कुठल्या जागेवर खेळता, किती वर्षं खेळलात, किती महिने राहणार, एवढं पुरे. वर्गणी काही शे युरो असते आणि ती सहसा वर्षाची असते, तेव्हा अर्ध्या वर्षासाठी काय सवलत आहे ते स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच नको, पैशाचं तिथे सगळेच मोकळेपणाने बोलतात. लीगच्या टीममध्ये जागा नसली तर आठवड्यातून एका संध्याकाळी हौशी लोक खेळतात, त्या गटात सहज घेतात. उट्रेख्तला विद्यापीठाच्या आवारात ऑलिंपोस नावाचं मोठं क्रीडा केंद्र आहे, तिथेही चौकशी करा.

खेळात सगळ्यात जास्त वेळ गेला तो चेंडू घ्यायला शिकण्यात. मातीवर चेंडू उडतो, म्हणून आपण तो आधी थांबवतो, सावरतो, मग मान वर करून बघतो. ओल्या टर्फवर तो सपाट आणि फार वेगात येतो. थांबवून बघायला गेलं की तोवर समोरची मुलगी अंगावर आलेली असते. चेंडू यायच्या आधीच बघून ठेवायचं आणि पहिल्या स्पर्शातच त्याला पुढच्या दिशेला वळवायचं. कोच हीच एक गोष्ट तासभर करून घेत असे. त्याबरोबर गुडघ्यातून खाली वाकणं आलं. पहिले काही आठवडे मांड्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. उलट ड्रिबलिंगमध्ये आपल्या मुली मागे पडत नाहीत. अरुंद जागेतून चेंडू काढायची सवय मातीने लावलेली असते आणि तिथे त्याचं मनापासून कौतुक होतं. सगळी मैदानं पाणी मारून ओली केलेली नसतात. वाळू भरलेल्या टर्फवर पडलात तर गुडघे सोलवटतात, लांब मोजे घाला.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तिथला क्लब सदस्यच चालवतात. कँटीनमागे उभं राहणं, लहान मुलांना शिकवणं, खालच्या टीमच्या मॅचला पंच होणं, हे सगळं सदस्य पाळीपाळीने करतात. नव्या विद्यार्थ्याला वाटतं की आपण पाहुणे, चार महिन्यांसाठी आलोय, आपल्याला कशाला. तसं अजिबात करू नका. पाळीच्या यादीत स्वतःहून नाव घाला. कँटीनमध्ये बिअर दिली जाते आणि ती देणाऱ्याला आधी एक छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते नको असेल तर चहा-कॉफी आणि चीज घालून भाजलेल्या ब्रेडची बाजू सांभाळा. सरावात लोक खेळाबद्दल बोलतात, ओळख होते ती या कामांत. मॅच संपल्यावर दोन्ही टीम एकत्र बसतात, तेव्हा घाईने सायकल काढून निघू नका.

अशाच एका रविवारी काउंटरपलीकडच्या आजोबांनी विचारलं, कुठली? भारत म्हटल्यावर त्यांनी १९७३ चं काढलं. त्या वर्षी वर्ल्ड कपची फायनल त्यांच्याच देशात, अ‍ॅमस्टेलवेनला झाली होती. भारत दोन गोलांनी पुढे होता, नेदरलँड्सने २-२ अशी बरोबरी केली आणि पेनल्टी स्ट्रोकवर कप जिंकला. आजोबांनी तो सामना तरुणपणी बघितला होता आणि त्यांना आपले खेळाडू नावानिशी आठवत होते. मी त्यांना १९२८ ची आठवण करून दिली. अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकची फायनल भारताने त्यांच्याविरुद्धच ३-० अशी जिंकली होती, आपलं हॉकीतलं पहिलं सुवर्ण. ध्यानचंदांचे त्या स्पर्धेत १४ गोल होते आणि भारतावर एकही गोल झाला नव्हता. त्यानंतर ते दर रविवारी मला हाक मारून बोलावून घ्यायचे. परक्या गावात नावाने हाक मारणारं माणूस असणं किती मोठं असतं, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

अभ्यासाचं. उट्रेख्त विद्यापीठाचं वर्ष चार भागांत विभागलेलं असतं, एका भागात साधारण दोन विषय, प्रत्येकी ७.५ क्रेडिटचे. विषय दोनच दिसतात म्हणून निवांत राहू नका, दर आठवड्याला भरपूर वाचून जावं लागतं आणि गटात काम असतं. गुण १० पैकी, पास व्हायला साडेपाच. आठ मिळाले तर उत्तम समजा, नऊ फार थोड्यांना मिळतात. आपल्या टक्केवारीच्या हिशोबाने तिथला सात बघून घरी रडत फोन करू नका. निघण्याआधी इथल्या विभागप्रमुखांकडून कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला धरणार ते लेखी घ्या आणि तिथल्या अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवा. पहिल्या भागाच्या परीक्षा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास. मन आधीच तयार ठेवा. सराव संध्याकाळी दिव्यांखाली असतो, त्यामुळे तासांच्या आड येत नाही.

व्हिसा आणि निवास परवान्याचा अर्ज तिथलं विद्यापीठच करतं. खोलीचं मात्र पत्र मिळताच बघा, टंचाई फार आहे. न बघितलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका, आणि त्या पत्त्यावर पालिकेत नोंदणी करता येईल का हे आधी विचारा. नोंदणीशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय बँकेपासून पुढचं सगळं अडतं. नोकरी करायची तर आपल्याला परमिट लागतं आणि आठवड्याला १६ तासांची मर्यादा आहे. विमा घेताना त्यात खेळातली दुखापत आणि दात येतात का ते बारकाईने वाचा.

सायकलशिवाय गत्यंतर नाही. पुण्यात सायकल चालवली असली तरी तिथे उजव्या बाजूने जायचं असतं आणि पुष्कळ सायकलींना हँडलला ब्रेक नसतो, पेडल उलटं मारून थांबावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर सराव करून मगच गर्दीत शिरा. दिवे नसले तर दंड होतो, चालवताना मोबाइल हातात धरला तरी होतो. पाठीवर स्टिक बॅग अडकवून, समोरून वारा आणि वरून पाऊस असं मैदानापर्यंत जाणं हा सरावाचाच भाग आहे. पावसाळी पँट तिथेच घ्या, आपले रेनकोट त्या वाऱ्यात टिकत नाहीत.

खाण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. लोम्बोक भागातल्या कनालस्ट्राटवर तुर्की-मोरोक्कन दुकानं आहेत, तिथे कोथिंबीर, डाळी, भेंडी सगळं मिळतं. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी खुशाल न्या. वाढदिवस असेल तर केक ज्याचा त्यानेच आणायचा असतो. मी बाकरवडी नेली होती, डबा ड्रेसिंग रूममध्येच संपला.

डिसेंबर कठीण जातो. साडेचारला अंधार पडतो, मैदानी मॅच बंद होतात, आणि घड्याळ साडेचार तास मागे असल्यामुळे संध्याकाळी मोकळं व्हावं तोवर आई झोपायला निघालेली असते. बरेच जण याच काळात खोलीत बसून राहायला लागतात. त्या महिन्यांत इनडोअर हॉकी खेळा. कडेला लाकडी पट्ट्या असतात, चेंडू स्टिक उगारून मारायचा नाही, फक्त ढकलायचा, म्हणजे पुश. स्टिक हलकी आणि बारीक लागते, ती क्लबमध्ये कुणाकडून तरी उसनी मिळते. खोलीतून बाहेर पडायला आठवड्यातले दोन ठरलेले दिवस हाताशी असणं त्या थंडीत औषधाइतकं लागू पडतं.

परत येण्याआधी पालिकेतून नाव कमी करा, विमा आणि बँक खातं बंद करा, गुणपत्रिका इथल्या विद्यापीठाकडे थेट पाठवायला सांगा. क्लबलाही सदस्यत्व संपवत असल्याचं मुदतीच्या आत लेखी कळवा, नाहीतर पुढच्या वर्षाची वर्गणी लागू होऊ शकते. आणि कँटीनची किंवा पंचाची पाळी शिल्लक असेल, तर तुमच्या जागी कोण उभं राहणार हे टीमच्या ग्रुपवर ठरवून मगच विमानात बसा.