लँडस्केप फोटोत कल्पकता आणि वास्तव: या चुका टाळा

‘फोटो एडिट केलाय का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या जेपीईजीमध्येही रंग, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस कॅमेऱ्यानेच ठरवलेले असतात. खरा प्रश्न असा की फोटोतला उजेड एकमेकांशी जुळतो का.

‘जसं दिसलं तसंच’ म्हणणाऱ्यांची पहिली फसगत ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल आपोआप साधणारी कॅमेऱ्याची सोय, करतो. पहाटेचा केशरीपणा त्याला दोष वाटतो आणि तो बराचसा पुसून टाकतो. मग घरी येऊन सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) ओढलं जातं, गवत पोपटी होतं आणि लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन ढगांचे बारकावे जातात. त्यापेक्षा रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपा, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचा वेगवेगळा पाहा.

सावल्या उचलण्याचा मोहही असाच. दरीतला प्रत्येक दगड दिसू लागला की ऊन कुठून येतंय तेच कळेनासं होतं. डोंगराच्या कडेला पांढुरकी झालर दिसली, तर क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) किंवा एचडीआर (उजळ आणि गडद भाग एकत्र दाखवण्याची पद्धत) जास्त झालंय. आधी ते कमी करा.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते आकाश बदलताना. नव्या आकाशात सूर्य डावीकडे मावळतोय आणि खाली झाडाच्या सावल्याही डावीकडेच पडल्यात, असे फोटो सर्रास दिसतात. तळ्यात जुनंच आकाश राहिलेलं असतं. प्रतिबिंब बदललं तरी ते वरच्या आकाशाइतकंच उजळ ठेवलं जातं. पाण्यात ते बहुधा थोडं गडदच दिसतं. चंद्राचंही तेच. आकाशात तो जेमतेम अर्धा अंश व्यापतो, त्यामुळे फुल फ्रेमवर (36 मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 24 मिमी लेन्सने तो चौकटीच्या रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढा येतो. रुंद दृश्यावर थाळीएवढा चंद्र चिकटवला की जाणकाराला लगेच कळतं. मोठा चंद्र हवा असेल तर समोरच्या दृश्यापासून लांब जा, 400 मिमी लेन्स लावा. तो रुंदीच्या दहाव्या भागापर्यंत जातो, आणि असा फोटो बघताना जो आनंद होतो तो चिकटवलेल्यात नाही.

म्हणून जोडकाम निषिद्ध, असं मला मुळीच वाटत नाही. 1850 च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आकाशाच्या वेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापत असे, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या उजेडाला फार संवेदनशील होत्या आणि आकाश पांढरंफटक येई. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोत टिपलेल्या चंद्रोदयाचं आकाश नंतरच्या प्रिंट्समध्ये जवळजवळ काळं केलं. दोघांनाही चित्रात काय हवंय ते पक्कं माहीत होतं. बहुतेकांचं इथेच चुकतं: स्लायडर आधी हलतो, हेतू मागून शोधला जातो.

आणि एक. आकाश दुसरीकडचं असेल तर कॅप्शनमध्ये तसं लिहा. स्पर्धेला पाठवण्याआधी नियम वाचा आणि मूळ रॉ जपून ठेवा, आयोजक ती मागू शकतात.