वाचनाची पाळी आली की मस्ती करणारे मूल: शिक्षकांनी काय करावे?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत मराठीचा तास सुरू होतो, प्रकट वाचन रांगेने पुढे सरकू लागते आणि नेमकी तेव्हाच एखाद्या मुलाला तहान लागते किंवा शेजाऱ्याला चिमटा काढावासा वाटतो. शिक्षा करण्याआधी दोन आठवडे वहीत एवढेच टिपावे: कोणता तास, किती वाजले, वर्गात काय चालले होते. तोंडी हिशेबात आणि मैदानावर नीट वागणारे मूल वाचनाची पाळी जवळ येताच बिथरत असेल, तर मूळ दुखणे वाचनाचे असण्याची शक्यता बरीच असते. बोलणी खाणे त्याला परवडते, अडखळल्यावर पिकणारा हशा परवडत नाही.

मग मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला जवळ बसवून सोपा उतारा वाचायला द्यावा आणि चुका मोजण्यापेक्षा त्या कोणत्या आहेत हे पाहावे. घ-ध, भ-म यांत गल्लत होते का? ‘किनारा’तली वेलांटी आधी दिसते पण मागून उच्चारली जाते, ‘दर्या’तला रफार ‘या’वर बसतो पण आधी उच्चारला जातो, इथे पुष्कळ मुले अडतात. मात्र ‘आहे’ असे छापलेले असताना मूल ‘आसा’ म्हणाले, तर त्याला अर्थ कळलेला आहे. मालवणीला चूक ठरवू नये.

वाचनाचा मजकूर त्याच्याच तोंडून घ्यावा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, कशी ओढतात हे त्याला सांगू द्यावे, त्याची चार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून काढावीत आणि तीच त्याला वाचायला द्यावीत. वर्गात त्याच्या वाट्याला येणाऱ्या दोन ओळी आदल्या दिवशीच सांगाव्यात. समूहवाचनावर फार विसंबू नये. कौलांवर पाऊस कोसळत असताना कोण नुसते ओठ हलवते ते कळतही नाही.

चिमट्याबद्दल समज द्यावी, पण एकांतात. धडा दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा तर मुळीच देऊ नये. दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. काही महिन्यांनीही फरक पडला नाही, तर पालकांना विश्वासात घेऊन तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे विचारणा करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीचा, समावेश आहे. तिचे निदान मात्र तज्ज्ञांनीच करावे.

नोंदवही चालू ठेवावी आणि मराठीच्या तासाच्या नोंदी विरळ झाल्या की वर्गात वाचायच्या दोनाच्या चार ओळी कराव्यात.